शेऱ्याचा रकाना

दिघोरी, बुधवार, दि. १४ सप्टेंबर १९८३. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. तापाच्या रजिस्टरला खाकी पुठ्ठा चढवत होतो, तो अर्धवट ठेवून लिहायला बसलो.

प्रिय रुखमा,

ईश्वरला परवा चार वर्षे पूर्ण झाली. तुझ्या माहेरी, आंधळगावात, त्याला पुन्हा ताप आला का, झटका आला का, मला कोणी सांगत नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई काल आल्या होत्या. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी तापात झटका आलेली साठ मुले निवडली, आपला ईश्वर त्यांत. कोणाच्या बाटलीत तापाचे औषध, कोणाच्या बाटलीत नुसता साखरेचा पाक. कुठे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. ताप चढला की दर सहा तासांनी एक चमचा, आणि नोंद माझ्याकडे. गावाने मला तापमास्तर नाव ठेवले. तू हसायचीस, "माह्या काखेत बी लावा जी थर्मामीटर, तुमच्यापायी मी बी तापली."

त्या धान रोवण्याच्या दिवशी दोनचा डोस तू शेताच्या बांधीतून येऊन दोन चाळीसला दिलास. तीन दहाला ईश्वरचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. चार मिनिटे. तू त्याला कुशीवर धरून होतीस आणि मी घड्याळ पाहत होतो. तो सावरून झोपला, तेव्हा माझ्या आईच्या देखत मी म्हणालो, "आज पोरगं मारलं असतं तुनं." तू एवढेच म्हणालीस, "हातातले धानाचे पऱ्हे टाकून धावत आली जी मी."

शेऱ्याच्या रकान्यात इतर मुलांच्या नावांपुढे मी 'डोस चुकला' लिहीत असे. ईश्वरच्या नावापुढे 'आई चुकली' लिहिले. हात घसरला नव्हता. माझे शुद्धलेखन तू जाणतेस. तू चौथी शिकलेली. दुसऱ्या दिवशी त्या शब्दावर बोट ठेवून वाचलेस आणि ईश्वरला घेऊन माहेरी गेलीस.

काल बाईंनी बाटल्यांची यादी उघडली. औषधाच्या तीस मुलांपैकी नऊ जणांना पुन्हा झटका आला, पाकाच्या तिसांपैकी दहांना. औषधाने ताप उतरत होता, पोर शांत झोपत होते. झटका थांबत नव्हता. ज्यांना अगदी वेळेवर दिले, त्यांनाही आला. आपली बाटली सतरा नंबरची. तिच्यात पाक होता. मी विचारले, मग तो चाळीस मिनिटांचा उशीर? बाई म्हणाल्या, "कसला उशीर?"

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. तुझे भाऊ भैय्याजी स्टॅम्पपेपर घेऊन ओसरीत बसले आहेत. तुला सोडचिठ्ठी हवी आहे आणि तिच्यावर कारण लागते, म्हणतात. 'पटत नाही' एवढे लिहा, म्हणाले. त्या जागी मी 'चुकलो' असे लिहून सही केली आहे. बोट ठेवून वाच.

तुझाच,
तुलाराम