इतवारीतल्या दोन बाटल्या

नागपूर
१७ ऑगस्ट १९८८

प्रिय केशवदादा,

सप्रेम जयभीम.

तार मिळाली असेल. तुला पलटणीतून सुट्टी मिळाली नाही, तेही कळलं. तुझी पोरगी गावी कुहीला मायजवळ आहे, वरचं दूध पिते. नाव तू आल्यावरच ठेवू. धानाची रोवणी आटोपली.

कौसल्यावहिनी कशी गेली, ते बाबा तुला लिहिणार नाहीत.

आमच्या रक्तपेढीच्या रामदासपेठ, सदर आणि इतवारी, तिन्ही शाखांचे कंप्युटर टेलिफोनच्या तारेनं जोडलेत. कुठंही बाटली दिली की तिन्हीकडचा आकडा उतरतो. मी सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरायची.

डॉक्टरांनी वहिनीच्या बाळंतपणासाठी ओ निगेटिव्ह रक्त तयार ठेवायला सांगितलं होतं. कुहीचे रुपराव मास्तर त्याच गटाचे. बिचारे सकाळीच दवाखान्यात हजर झाले. मी रामदासपेठच्या शाखेत जाऊन मशीन पाहून आले. इतवारीत दोन बाटल्या.

"मास्तर, काहून थांबता? दोन बाटल्या दिसून राहिल्या, लागल्या तर आणू. शाळा नका बुडवू."

बाबा म्हणाले, "राहू दे ना वं मास्तरले."

"बाबा, तुमचा मशीनवर भरोसाच नाही!" मी हसले, दादा. मास्तरांना एसटीत मीच बसवून दिलं.

इतवारीची टेलिफोनची तार आदल्या दिवसापासून बंद होती. बंद आहे असं मशीन सांगत नाही, जुनाच आकडा दाखवत राहतं. त्या बाटल्या आदल्या संध्याकाळीच एका अपघाताच्या पेशंटला गेल्या होत्या.

पोरगी झाली आणि वहिनीचं रक्त थांबेना. बाबा रिक्षानं इतवारीला गेले, रिकाम्या हातानं आले. मी कुहीच्या पोस्टात फोन लावला, मास्तरांना निरोप धाडला. सदरला, मेडिकल कॉलेजला, कुठंच त्या गटाचं रक्त नव्हतं.

वहिनीनं विचारलं, "आलं का वं रक्त?"

"येऊन राहिलं," मी म्हटलं. तिनं डोळे मिटले.

मास्तर बाही वर करूनच जिना चढले. तोवर तिच्या अंगावर चादर ओढली होती.

आता तार दुरुस्त झाली आहे. आकडे जुळतात. मी कामावर बसते, कारण घरी बसवत नाही. बाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही, मायलाही नाही. माझ्यासमोर जेवत मात्र नाहीत.

सुट्टी मिळाली की पोरीसाठी ये. मला बहीण म्हणायचं की नाही, ते तोंडावर सांग. पत्रातून नको.

प्रेमिला