पाव्हण्याचा टाक

आधी आला तो आपल्या पिढ्या लिहिणारा हेळवी, आत्याबाई. त्याला पाणीसुद्धा नीट देऊन झालं नव्हतं तोवर धाकट्या घरचे भाऊजी येऊन सोप्यात बसले. ह्यांना कळलं कसं म्हणता? पूर्वी हेळवी बैलावर बसून यायचा, घंटा वाजायची, अख्ख्या आळीला कळायचं. आता फटफटीवर येतो. मागं त्याचा लेक बसलेला, मधे पोथीसारखी ती वंशावळीची वही प्लास्टिकच्या पिशवीत, आणि घंटा हँडलला बांधलेली. मला इतकं हसू आलं! 'हसताय व्हय अव्वा?' म्हणाला. गोकाकाकडचा माणूस, म्हातारी बाई दिसली की अव्वा म्हणतो. म्हटलं, 'बाबा, तुझा बैल कुठाय?' तर म्हणतो, 'बैल कुठं बांधायचा अव्वा? समद्यांच्या दारात फरशी झालीया.' खरं बोलला. आपल्या दारातसुद्धा फरशीच आहे आता. तुम्ही सारवायचात त्या जागी तुमचा नातू, म्हणजे माझा लेक, आला की त्याची गाडी उभी असते.

तुम्ही म्हणाल, मला जाऊन इतकी वर्षं झाली, हिला आजच लिहायला काय झालं. नातीची जुनी वही सापडली, मागची पानं कोरी आहेत. चार इयत्तांचं माझं अक्षर, वेलांटी कुठं द्यावी कळत नाही. पण आज कुणाशी तरी बोलायला पाहिजे, आणि हे बोलायचं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नाही. लय दमले बघा. गुडघ्यांनी तर दमलेच, पण आज वेगळंच दमले.

झालंय असं की भावकीनं ठरवलंय, यंदाच्या जत्रेच्या आधी देवळाच्या भिंतीला काळ्या फरशीवर आपल्या कुळाची वंशावळ कोरून बसवायची. वर मूळपुरुष, खाली त्याचे दोन लेक, थोरल्यापासून आपलं घर, धाकट्यापासून भाऊजींचं. काम दिलं माझ्या नातीकडं. सांगलीला नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी कुठल्या कुठल्या कचेऱ्या धुंडाळत फिरते. तिला हा नाद कुणाचा लागला कोण जाणे, तुमचाच असणार. तुम्हीसुद्धा हरवलेली सुई सापडेपर्यंत जेवत नव्हता. आणि पोरीला जितके कागद सापडले तितके एकमेकांच्या उलट बोलायला लागले.

हेळव्याच्या वहीत आहे ते असं. मूळपुरुष म्हसवडाच्या पलीकडच्या गावातून आपल्या बापाबरोबर इकडं आला. बापाचं नावसुद्धा लिहिलंय. त्याला दोन लेक, दोन्ही पोटचे. पण पोरीला इंग्रजाच्या काळातल्या खानेसुमारीचा कागद मिळाला, घरोघरची माणसं मोजलेला. मोडीत आहे म्हणून साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडून वाचून आणला. त्यात बाप नाहीच. त्यात आहे मूळपुरुष, 'बायको पाटाची, तिच्याबरोबर आलेला मुलगा एक, वय सात, आणि तान्हा एक'. म्हणजे बाई आधी दुसऱ्याच्या घरी नांदलेली, विधवा झालेली, तिच्याशी आपल्या मूळपुरुषानं पाट लावला, आणि सात वर्षांचं पोर तिचं बोट धरून आलं. पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. म्हसवडाच्या पलीकडं जाऊन वहीतला तो बापसुद्धा हुडकला. तिथल्या जन्माच्या जुन्या बुकात त्या नावाचा माणूस सापडला, आडनाव निराळं. घरी येऊन हसायला लागली, 'आज्जी, अगं हा बाप लेकाच्या मागनं जन्माला आलाय! लेक म्हातारा झाला तेव्हा हा पाळण्यात!' मीसुद्धा हसले. हसता हसता उठून चहाचं आधण टाकायला गेले.

आज सकाळी हे सगळं सोप्यात मांडलं गेलं. नात वाचत होती, भाऊजी तपकीर ओढत ऐकत होते. 'बोट धरून आलेला' ह्या शब्दावर त्यांनी डबी खाली ठेवली. 'म्हंजे,' म्हणाले, 'थोरलं घर आमच्या रक्ताचं न्हाईच म्हणायचं की! मग वहिनी, पालखीचा मान कुणाचा वो?' हसत म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे त्यांचं हसणं, ओठ हसतात आणि डोळे जागच्या जागी. जत्रेच्या दिवशी पालखीला पहिला खांदा आपल्या घरचा. मामंजींनी दिला, तुमच्या लेकानं डोळे मिटेपर्यंत दिला, आता माझा लेक देतो, साताऱ्याहून रजा काढून येतो त्यासाठी. नातीचा चेहरा उतरला. 'आज्जी, मी काय करून बसले?' असं बघायला लागली माझ्याकडं.

हेळवी तापला. 'माझी वही खोटी न्हाई मालक. सरकारचा कारकून खुर्चीत बसून लिवतोय. आमी दारात उभं ऱ्हाऊन लिवलंय. ही पानं माझ्या बापानं ह्याच उंबऱ्यात बसून लिवल्यात!'

'आरं, तुझा बाप काय तवा जन्माला हुता?' भाऊजी म्हणाले.

'जुनी वही भिजली हुती. घराघरात इचारून पुन्यांदा लिवली. घरच्या माणसापरीस कुणाला ठावं आसतंय?'

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं तोंडं वळवली. आता घरात सगळ्यात जुनं माणूस मी. भाऊजी म्हणाले, 'वहिनी, तुमी सांगाल ते फरशीवर. तुमच्या आत्याबाईंनी काय तरी सांगितलं आसंल की.' मी म्हटलं, 'मला काय कळतंय कागदातलं. माझी भाकरी करपतीय.' तव्यावर भाकरी नव्हती, आत्याबाई. चूलसुद्धा नाही आता, गॅस आहे, तोसुद्धा बंद होता.

आत जाऊन भिंतीला टेकून बसले, आणि तुमचा तो म्हाळाचा दिवस डोळ्यापुढं आला. माझं लग्न होऊन पहिलंच वर्ष. म्हाळाचा स्वयंपाक केलेला, वडे, खीर, आळूची भाजी. देव्हाऱ्यातले सगळे टाक मी चिंचेनं घासून लख्ख केलेले, मनात म्हणते आज आत्याबाई खूश होणार. तुम्ही पाया पडायला वाकता आणि तशाच सरळ होता. 'दुसरा निवद कुठाय?' मी म्हणते, एक ठेवलाय की. 'आणि त्यो काय उपाशी बसंल? घरात आलेल्याला न जेवता लावून देतीस व्हय गं, म्हसवडकडची मानसं अशी आस्त्यात व्हय?' माझं माहेर निघालं म्हणून मी रडले. पण समजलं काहीच नाही. मूळपुरुषाच्या टाकाशेजारी एक दुसरा टाक होता, झिजून नाकडोळे गेलेला, नुसता माणसाचा आकार राहिलेला. तुम्ही त्याला पाव्हणा म्हणायचात. कोण पाव्हणा, कुठला पाव्हणा, विचारायची सोय नव्हती. पुढच्या म्हाळापासून दोन ताटल्या. पुरुषमाणसांना वाटायचं, आयत्या वेळी कुणी आलं गेलं तर असावी एक.

मग बेदाण्याच्या शेडमधला तो दिवस. तासगावच्या रस्त्याला शेडं नवीन नवीन उभी राहिली होती, आपण दोघी निवडायला जात होतो. माझी दोन्ही बाळंतपणं झालेली. दुपारची वेळ, जाळ्यांमधून वारा येतोय, बोटं चिकट झालेली, तुम्ही काड्या वेगळ्या करत एकदम बोलायला लागलात, माझ्याकडं न बघता. की ती बाई आली तेव्हा एका हाताला पोर होतं आणि ओटीत पहिल्या नवऱ्याचा टाक होता. चुलीच्या मागं लपवून ठेवायची, मूळपुरुष शेतात गेला की हळद लावायची. एक दिवस त्यानं पाहिलं. तिला वाटलं, आता फेकतो. त्यानं तो उचलला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. म्हणाला, पोराचा बाप हाय, चुलीमागं कशाला? पुढं मूळपुरुष गेला तेव्हा त्याचा टाक त्या पाव्हण्याच्याच शेजारी बसला. आणि जिवंतपणी पालखीचा पहिला खांदा त्यानं त्या बोट धरून आलेल्या पोराला दिला, पोटचा दहा पावलांवर उभा असताना. 'सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगतीया,' तुम्ही म्हणालात, 'बाप्यांना सांगू नगंस. त्यास्नी मान सांभाळायचा आस्तो.' आणि संध्याकाळी तुमच्या जुन्या इरकलीचा मऊ तुकडा फाडून दिलात, पाव्हण्याला पुसायला. बाकीच्यांना चिंच, ह्याला नुसतं कापड, नाहीतर झिजून जाईल म्हणून. तो तुकडा अजून आहे. इतकी लुगडी आली गेली, पण तुम्ही दिलेलं तेवढंच मी कुणाला हात लावू दिलं नाही.

इतकी वर्षं सांभाळलं. शेजारी निजलेल्या नवऱ्याला नाही सांगितलं, तुमचा लेक न कळताच गेला. सून साताऱ्यात शाळेत शिकवते, म्हाळाला येते ती एका रात्रीपुरती, तिला कधी सांगू? सांगायचं राहून राहून मीच म्हातारी झाले. आणि आता फरशी येणार. त्या फरशीवर बाई नसणार, पाव्हणा नसणार, आणि एकदा दगडात कोरलं की दोन ताटल्या कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. बोलले तर मान जातो. नाही बोलले तर ती दोघं जातात, कायमची. ह्यानं दमले मी.

दुपारी सगळे गेल्यावर नात माझ्यापाशी येऊन बसली. लसूण सोलायला घेतला, सोलणं येत नाही, नखं सांभाळते. सोलता सोलता म्हणाली, 'आज्जी, तू म्हाळाला दोन निवद का गं ठेवतीस?' बघा, कागद वाचून वाचून पोरगी शेवटी ताटलीपाशी आली. मी म्हटलं, देव्हाऱ्यातला तो झिजलेला टाक काढ, इरकलीच्या तुकड्यात घे, बोट लावू नको. तिच्या तळहातावर तो ठेवला आणि तुमच्या शब्दांत सगळं सांगितलं. तुम्ही रागवाल. रागवा. पण ती बाप्या नाही, म्हणजे तुमचा शब्द मी तसा मोडलेला नाही.

पोरीनं इरकलीचं टोक त्याच्यावर ओढून घेतलं. मग म्हणाली, 'म्हणजे सरकारी कारकुनानं खरं लिहिलं. मूळपुरुषानंच त्याला सांगितलं असणार, आज्जी. पाटाची बायको, तिच्याबरोबरचा मुलगा. लपवलं नाही त्यानं.' हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं! बायका चार पिढ्या दडवत बसलो, आणि ज्याचं होतं त्यानं दारात उभं राहून सरकारला सांगून टाकलेलं. मला हसूही आलं आणि कसंसंच झालं. मान त्यानं रक्त बघून दिला नव्हता, तर भाऊजी रक्त बघून काढून घेणारे कोण? आणि काढलाच, तर काढू दे. माझ्या लेकाचा खांदा मोकळा होईल, पाव्हणा तर जेवेल.

तेव्हा मी ठरवलंय. सोप्यात चौरंग मांडायचा, दोन्ही टाक शेजारी शेजारी ठेवायचे, दोन ताटल्या वाढायच्या, आणि सगळ्यांसमोर सांगायचं. फरशीवर बाईचं नाव मिळत नसेल तर 'पाटाची बायको' एवढं तरी कोरा म्हणणार आहे, कागदात आहे तसं. हेळवी चिडेल, भाऊजी तपकीर ओढतील. चहा मात्र सगळ्यांना देणार, नातीला सांगितलंय दूध जास्त घे.

एक राहिलं. ते नातीलासुद्धा सांगितलेलं नाही. ह्या हेळव्याचा बाप आला होता ना, भिजलेली वही घेऊन, ते माझं लग्नाचं पहिलंच वर्ष, त्या म्हाळाच्याही आधी. तुम्ही सगळी शेतात. घरात मी एकटी, सतरा वर्षांची, तव्यावर भाकरी, तेव्हा खरंच होती. त्यानं विचारलं, मूळपुरुषाची पोरं किती, मी म्हटलं दोन, पोटची. टाक दोन कसे, म्हणाला. मला काय माहीत! म्हटलं, एक त्याचा, एक त्याच्या बापाचा. बापाचं नाव काय, गाव कुठलं? तो लेखणी धरून बसलेला, नवीन सुनेला घरचं ठाऊक नाही असं कसं म्हणू? घाबरून तोंडात आलं ते सांगितलं. माझ्या आईच्या बापाचं नाव, आत्याबाई. आणि गाव माझं आजोळ. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, हेळवी काय म्हणत होता, तर मी म्हटलं, काही नाही, जोंधळं घेऊन गेला.

लेकाच्या मागनं जन्माला आलेला तो बाप म्हणजे माझे आजोबा. लहानपणी मला खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचे. ते नावही आता खोडायला सांगणार आहे, पण खरं सांगू? तुमच्या कुळाच्या फरशीवर, सगळ्यात वर, माझ्या आजोबांचं नाव बघायला मला जरा बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी दहाला येतो म्हणून गेलेत सगळे.