सहावं बटण

३ मार्च, सोमवार

सहाच बटणं. पाणी, कूस, दिवा, होय, नाही, धन्यवाद. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांचे फक्त डोळे हलतात. पडद्यावरच्या ज्या बटणावर ते नजर रोखतील, तो शब्द यंत्र बोलून दाखवतं. यंत्रासोबत हा एक नमुना प्रोग्रॅम आला — बाकीचं आपलं आपण बनवायचं. त्यात 'दुखतंय' नाही! काल बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणी हवं? नाही. कूस बदलू? नाही. आमचे प्रश्न संपले.

मला आजकाल काही वाटत नाही. ऑफिसात जाते, पगाराच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते, घरी येते.

४ मार्च

निजताना बाबा रोज धन्यवाद म्हणतात. आई पांघरूण सारखं करत म्हणते, "असू दे हो." दिवसभरात तेवढंच कानाला बरं वाटतं.

६ मार्च, गुरुवार

यंत्राच्या कंपनीला फोन केला. एक बटण वाढवायचंय, नमुन्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतल्या ओळी, द्या. विक्रीवाला गोड बोलला. "मॅडम, तो फक्त दाखवण्यापुरता असतो. सोर्स नाही देत आम्ही." मी म्हटलं, तुमच्या माहितीपुस्तिकेत पानोपानी लिहिलंय, 'नमुना पाहा'. काय पाहू, कुलूप? तो हसला. मी नाही.

दादाचं म्हणणं, "चाललंय ते चालू दे ना. त्यांचा धंदा आहे." असेल. मुख्य प्रोग्रॅम ठेवा की झाकून! पण नमुना शिकायला असतो. आतलं दाखवायचंच नसेल तर मग ती शोभेची वस्तू झाली.

१० मार्च

पुन्हा फोन. पुन्हा गोड.

१२ मार्च, बुधवार

कंपनीतल्या एक प्रोग्रॅमर बाई वरच्यांशी भांडल्या म्हणे. सोर्स आला. सोबत एकच वाक्य — "आधीच द्यायला हवा होता."

वाचला. पडद्यावरून नजर हटून जरा वेळ गेला, की प्रोग्रॅम आपणहून धन्यवाद म्हणतो. प्रदर्शनात यंत्र बघायला आलेल्यांना निरोप म्हणून. चार ओळी.

म्हणजे रोज बाबांनी झोपायला डोळे मिटले की —

नसता दिला तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. मला! कोडसाठी भांडणारी मीच. मग त्या ओळी काढल्या आणि 'दुखतंय' टाकलं.

१३ मार्च

निजताना आई पांघरूण हातात धरून थांबली. यंत्र गप्प. सांगावंच लागलं.

"मला ठाऊक होतं गं," आई म्हणाली. "अख्ख्या संसारात कधी म्हणाले नाहीत, ते आता कुठले म्हणायला? पण ऐकायला बरं वाटायचं."

ओळी परत टाकू का, विचारलं. नको म्हणाली.

१४ मार्च

सकाळी यंत्र बोललं — दुखतंय. एकेका जागी हात ठेवत विचारत गेलो. डाव्या खांद्याला होय. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी औषध दिलं, उशी बदलली. जेवणानंतर बाबांची नजर फिरत फिरत सहाव्या बटणावर आली आणि थांबली.

"धन्यवाद."

मी जाऊन कोड पुन्हा उघडून पाहिला. त्या ओळी नाहीत.

आईला 'असू दे' म्हणता आलं नाही.