मंगलाष्टकातले घोट

तीर्थस्वरूप कुसुमताईस,

झाशीहून धाकट्या मार्तंडाचा वाकून नमस्कार. इंदूरला तुझे गुडघे कसे आहेत? माझा घसा बरा आहे. किरणांनी (इथे त्याला ‘सिकाई’ म्हणतात, जणू मी मक्याचं कणीस) कॅन्सरची गाठ विरघळवली आणि सोबत तोंडातली लाळही नेली. फोनवर दोन वाक्यांत जीभ टाळूला चिकटते, म्हणून हे पत्र.

बाकी बंदोबस्त चोख आहे. काखेत पाण्याची बाटली, पोळी वरणात बुडवून, लोणचं नुसतं बघायचं. शेजारच्या चौबेजींनी चघळायला मिश्री (आपली खडीसाखर) दिली, ती डॉक्टरांनी बंद केली (लाळ नसली की दात लवकर किडतात म्हणे) आणि बिनसाखरेचं च्युइंगगम दिलं. ते चघळत इलाइट चौराह्यावर उभा होतो, तर चौबेजी हात जोडून म्हणाले, “पंडितजी, अब तो गुटखा छोड़ दो!” अगं, मी जन्मात सुपारी खाल्ली नाही!

मुख्य हकीकत पुढेच आहे. परवा इथल्या नगरा मोहल्ल्यातल्या मकरंदचं लग्न झालं. इथल्या मराठी घरांत मंगलाष्टकं म्हणायला मीच, हे ठरलेलं. मीही फुशारून उभा राहिलो. मुलगी जवळच्या मोठ गावची, बुंदेली. तिच्या माणसांना मराठी कळेना, म्हणून मकरंदच्या काकांनी सोपं करून सांगितलं होतं की पंडितजी थांबले की अक्षता टाकायच्या. आता मी ओळीओळीला थांबतो, घोट घ्यायला! पहिल्या घोटाला अक्षता, दुसऱ्याला अक्षता. तिसऱ्या कडव्याला बँडवाल्यानं लग्न लागलं समजून वाजवायलाच घेतलं, तर अंतरपाट धरणाऱ्यांनी तो घाईघाईनं सोडला आणि परत धरला. खऱ्या ‘सावधान’ला कोणाच्या मुठीत दाणा नव्हता, मांडवातला झेंडू कुस्करून वेळ मारून नेली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. माझी अनुया तेवढी हसली नाही.

घरात सर्वांना यथायोग्य.

तुझा,
मार्तंड

ता. क. अनुयाचं लग्न माघात ठरलंय ना? ती आता हटून बसली आहे की बाबांचं तोंड ओलं होईपर्यंत थांबू, मंगलाष्टकं बाबाच म्हणतील. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात थोडी लाळ येईल. तू तिला दटाव. तुलाही सगळी पाठ आहेत, तू म्हण, मी ऐकतो.

आणखी एक. कालच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात काहीतरी दिसलं आहे. अनुयाला अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते, ताई. लग्न माघातच होऊ दे.