आपल्यातली

प्रिय भिंगरी,

टाके निघाले. जेवण जातंय, जिना चढता येतोय. तब्येतीचं एवढंच, बाकी डोक्यात नुसता गुंता आहे.

ऑपरेशननंतर आपल्याच वॉर्डात कॉट मिळाली तेव्हा वाटलं, माहेरीच आले. इतकी वर्षं इथे ड्युटी केली. पण पेशंटचे कपडे अंगावर चढले आणि दोन दिवसांत मी बदललेच. गोळी कसली, हेसुद्धा विचारेनाशी झाले. तुम्ही सगळ्याजणी चहाच्या खोलीत हसलात की वाटायचं, मलाच हसताहेत. शेजारच्या कॉटवरच्या शिवणकामवाल्या आजी म्हणायच्या, "या सिस्टर लोकांना आपलं दुखणं काय कळणार?" आणि मी चक्क मान डोलवायचे.

त्या दुपारी आजींना बाथरूमला जायचं होतं. बेल दाबून दाबून दमल्या, शेवटी एकट्याच उतरल्या आणि पडल्या. मी तेव्हा हिंडत-फिरत होते गं. उठून हात द्यायचा, जन्मभर दुसरं केलंय काय मी? पण पांघरूण धरून दाराकडे बघत राहिले, सिस्टर येईल म्हणून. मी स्वतःच सिस्टर आहे, हे त्या घटकेला डोक्यातच आलं नाही. असं कसं होतं माणसाचं?

आजींचं खुब्याचं हाड मोडलंय. त्यांची मुलगी फोन करते, "तुम्ही आमच्यातल्याच, तुम्ही सांगा." परवा इन्चार्जबाई फळं घेऊन आल्या. म्हणाल्या, "बेल बिघडलेली होती, असं सगळ्याजणी सांगणार आहेत. तूही आपल्यातली आहेस." मी दोघींनाही हो म्हटलं. खोटं बोलले असंही नाही. जिच्यासमोर बसते तिच्यातलीच होऊन जाते.

उद्या चौकशी आहे. बेल वाजत होती. मी ऐकली, आणि तूही ऐकलीस. ड्युटीरूमच्या काचेपलीकडे तू फोनवर होतीस. एकदा वळून पाहिलंस आणि पुन्हा पाठ फिरवलीस. तुझी लेक तापाने फणफणली होती, तू घरीच बोलत असणार, तेही मला ठाऊक आहे. मी हे सगळं सांगणार आहे, आणि मी उठले नाही तेही. त्यानंतर मी कुणातली उरेन, देव जाणे. पण तुला हे चारचौघांत, त्या खोलीत कळू नये, म्हणून लिहिलं. तिथे कुणाच्या बाजूला बसायचं तेही मला ठरवता येत नाहीये. तू आधी पोचलीस तर शेजारी जागा धर. नाही धरलीस तरी समजेन.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
बारकी