अण्णांच्या नावाची ज्वारी

अण्णा, तुमच्या मुलीवर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, चारचौघांदेखत, माझ्या नाकाला चिमटा लावण्यात आला. आपण दोरीवरच्या बनियनला लावतो तसाच, फक्त टोकं रबरी. मग तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोर विशीतली एक मुलगी, माझ्यावर ओरडणारी: "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका काकू." आयुष्यभर लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबवून मी पोट भरलं, पण त्यातल्या एकाही नाकाने असा सूड घेतला नव्हता. चिमट्यापेक्षा 'काकू' जास्त लागलं, पण ती वेगळी तक्रार. फुंकून झाल्यावर तिने स्क्रीनकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. जरा बसा, म्हणाली, पाणी प्या, परत करून बघू. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसांची सवय आहे मला, तुमच्या बायकोच्या हाताखाली वाढलेय.

खरं तर सुरुवात त्याच्या आधीची. बाळकुमच्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की मी मधल्याच मजल्यावर थांबायला लागले, मोबाइल बघायचं नाटक करत. मग माझी वाक्यं आखूड झाली. लिहिताना मी मनातल्या मनात मोठ्याने वाचते, त्यामुळे श्वास संपतो तिथे पूर्णविराम पडतो. संपादकांचा फोन आला, हल्ली तुमची शैली फार नेमकी झालीय म्हणाले. मी आभार मानले. फुप्फुस बिघडतंय आणि शैली सुधारतेय, हा सौदा किती दिवस परवडेल ते मात्र कळेना. तुम्ही मला एकदाच जोरात रागावला होतात, आत्याला मी उलट बोलले तेव्हा. आधी श्वास घे, मग बोल, म्हणाला होतात. आता दुसरा इलाजच नाही. घेते.

फुप्फुसांचे डॉक्टर तरुण आहेत, आणि समजावून सांगायची त्यांना हौस आहे. प्रथिन म्हणजे माझ्या लेखी डाळ, नाहीतर जिमला जाणारी पोरं ढवळून पितात ती पावडर. ते म्हणाले, फुप्फुसात असंख्य बारीक फुगे असतात. ते मिटून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आतलं अस्तर एक स्राव तयार करतं, त्यात काही प्रथिनं असतात. ती फुप्फुसातली, त्यांनी तिथेच राहायचं. पण अस्तराला सूज आली की ती झिरपतात आणि रक्तात सापडायला लागतात. फुंकण्यावरून कळतं की फुप्फुस अजून किती काम करतंय, आणि रक्तातल्या प्रथिनावरून कळतं की आत अजून धुमसतंय का. माझा फुंकण्याचा आकडा कमी होता आणि प्रथिनाचा जास्त. मग त्यांनी विचारलं, घरात पक्षी आहेत का, कबुतरं पाळता का? मी ताबडतोब नाही म्हणाले. खोटं बोलले नाही, अण्णा. कबुतरं पाळतात ती वेगळी माणसं. आपल्याकडे कबुतरं नव्हतीच, आपल्याकडे तुम्ही येत होतात.

पुढचा प्रश्न वडिलांचा व्यवसाय काय होता हा, आणि मग सगळी चौकशी तुमच्याकडे वळली. डोंबिवलीची रंगाची कंपनी, तुमचा खोकला, तो रुमाल. लाल, पिवळा, कधी मोरपिशी. रुमाल भिजत घालताना आईला कळायचं की आज कंपनीत कोणता रंग चाललाय. डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं आणि मी मनात निकाल लावून टाकला: हा तुमचा वारसा. घर नाही, दागिना नाही, खोकला. गोळ्या सुरू झाल्या. प्रथिनाचा आकडा जरा उतरला, गोळ्या कमी केल्या की पुन्हा चढला. दर वेळी हॉस्पिटलातून आले की मी तुमच्या फोटोसमोर चपला काढता काढता म्हणायचे, काय हो हे देऊन गेलात.

आता तुमच्या पश्चात काय झालं ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगते. दहाव्याला कल्याणच्या खाडीवर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. मी हट्टाने गेलेले. काका हात जोडून एकेक कबूल करत होते, वहिनींना बघू, पोरीचं लग्न करू, आणि कावळा लांब तारेवर चोच घासत बसलेला. ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा शिववून आमची सुटका केली. ठाकुर्लीला घरी येतोय तर गॅलरीच्या कठड्यावर एक गलेलठ्ठ कबुतर. आई त्याच्याकडे एकटक बघत होती. खाडीवर काय झालं ते तिला कळलं तेव्हा तिला मुळीच वाईट वाटलं नाही. "परक्यांसमोर कसे येतील? लाजरे होते ते," म्हणाली, आणि वाण्याकडून ज्वारी मागवली. आपण तांदळाच्या भाकरीची माणसं. ज्वारी घरात यायला लागली ती फक्त तुमच्यासाठी. बाळकुमला राहायला आलो तेव्हा तुम्हाला नवा पत्ता सापडेल का या काळजीने ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेलिंगवर ही गर्दी. ठाण्यातल्या टॉवरवर कबुतरं बसली याचं कुणाला नवल वाटू नये, पण आईचे डोळे भरून आले. इतके कसे आले, असं मी विचारलं तर म्हणे कंपनीतल्या मित्रांना घेऊन आले असतील. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तुमची ज्वारी पडायची, आणि मग ज्वारीचं पुढचं रूप. त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. मी त्यांना असं काही बोलले की सगळे हसले, आणि त्या खाली बघत बसल्या.

मागच्या खेपेला आई माझ्याबरोबर आली. मला एकटीला पाठवायचं नाही असं तिने ठरवलेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा उलटून बघितला. मग म्हणाले, हे असंच चालू राहिलं तर अस्तर कडक होत जाईल, आणि एकदा कडक झालेलं परत मऊ होत नाही. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी आम्हाला बाहेर थांबवून ठेवल्याबद्दल माफी मागितली. आई म्हणाली, छे, आम्हीच उशिरा आलो, सकाळी ह्यांचं खाणं झाल्याशिवाय मला निघता येत नाही. डॉक्टरांनी फाइल उघडून बघितली. वडील वारले, असं त्यांच्याच अक्षरात होतं.

"आजी, कोणाचं खाणं?"

आईने शांतपणे सगळं सांगितलं. खाडी, कठडा, ज्वारी, लाजरा स्वभाव. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कुठे टाकता दाणे?"

"हिच्या खिडकीशी. हिचं लिहायचं टेबल आहे ना, तिथलं रेलिंग मोठं आहे. हिलाही सोबत होते."

पुढचं ते माझ्याकडे बघून बोलले, आईकडे बघून बोलणं त्यांना जमलं नसावं. कबुतरांच्या विष्ठेत, पिसांवरच्या भुकटीत त्यांची प्रथिनं असतात. वर्षानुवर्षं श्वासातून ती आत जातात, आणि एखाद्याचं शरीर त्यांच्याशी लढत बसतं, स्वतःचंच फुप्फुस सुजवून घेतं. सगळ्यांना होत नाही, आजींना काही झालेलं नाही. पण आजपासून हे बंद, नाहीतर गोळ्या देण्यात अर्थ नाही.

रिक्षात आई बोटांची पेरं मोजत होती. भर सभेत कुणाचीही पगडी उडवणारी मी, माझ्या तोंडून एवढं निघेना की आई, उद्या दाणे टाकू नकोस. नवऱ्याला खिडकीबाहेर ठेव, हे कोणत्या शब्दांत सांगतात? आणि इतकी वर्षं माझ्या उशाशी हे सगळं आपणच आपल्या हाताने पसरलं, हा हिशेब तिने रिक्षातच केला होता. तिच्या बोटांवरून मला दिसत होतं. सकाळी मी अंथरुणातच होते, तेव्हा डब्याचं झाकण वाजलं. बाहेर तुमचं घुमणं सुरू होतं. मी श्वास रोखून पडून राहिले, मला जेवढा रोखता येतो तेवढा. मग झाकण पुन्हा लागलं, आणि खिडकीची काच खरखरत बंद झाली. मी उठून बाहेर आले तर ती पाठमोरी उभी.

"सांगितलं त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"पोरीच्या छातीवर बसू नका म्हणून."

ते बसून राहिले, अण्णा. दिवसचे दिवस. काचेवर चोच मारत, एकमेकांना ढकलत. आईने आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, टीव्ही बिनआवाजाचा. रात्री मला खोकला आला की ती दाराशी येऊन उभी राहायची आणि थांबला की परत जायची. एकदा तर मीच उठून काच सरकवायला निघालेले, तिच्यासाठी. कडीपर्यंत हात गेला होता. मग रेलिंग धुऊन घेतलं, जाळी बसली. ते काम होईपर्यंत डॉक्टरांनी मला घराबाहेर राहायला सांगितलेलं, म्हणून मी मैत्रिणीकडे कोलशेतला राहिले, आणि आई एकटीने ते सगळं बघत उभी होती.

परवा पुन्हा तोच चिमटा, तीच नळी. फुंकण्याचा आकडा होता तिथेच आहे, गेलं ते गेलं. पण रक्तातलं प्रथिन खूप उतरलंय. डॉक्टर म्हणाले, आतलं धुमसणं शमतंय. घरी येऊन आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे उठले छातीवरून?" मी हो म्हणाले. ती उठली, डब्यात उरलेली ज्वारी पिशवीत ओतली आणि मला गिरणीत पाठवलं. ज्वारीची भाकरी आपल्याला येत नाही. तिच्या हातून पहिल्या दोन थापतानाच फुटल्या, तिसरी कशीबशी फुगली. आम्ही दोघींनी तुमच्या नावाची ज्वारी लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि मला सांगायला लाज वाटते, पण फार चांगली लागली. चौथी भाकरी जमली तशी मी ती ताटलीत घेतली आणि खाली गेले. बाईंनी दार उघडलं. काही बोलायचं ठरवलंच नव्हतं. ज्वारीची आहे, म्हणाले. त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीच का?"

"तीच."

त्यांनी ताटली दोन्ही हातांनी घेतली. आत या, म्हणाल्या, परत वर चढायचंय, जरा बसा. मी बसले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून टेबलाच्या खणात जाईल. एक मात्र आईला कधी सांगितलेलं नाही. तिच्या या सगळ्या प्रकाराची मी आयुष्यभर टिंगल केली, दोनदा छापूनसुद्धा. पण बाहेर पडताना, ती स्वयंपाकघरात आहे ना एवढं बघून, रेलिंगवरच्या एकाला मी रोज हळूच 'येते हं अण्णा' म्हणायचे. आता तिथे कुणी नसतं. तरी म्हणते.