चौथ्या माळ्यावरची सुईण

मॅडम, तुम्ही काळाचौकीला आमच्या घरी आलात त्या रविवारी मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. तुमच्या आधी जिन्यातून तुमचा आवाज वर आला. खालच्या माळ्यावर कुणाला तरी तुम्ही आमच्या खोलीचा नंबर विचारत होतात, आणि प्रत्येक अक्षर सुटं ठेवणारी ती तुमची गिरगावातली मराठी ऐकून मला कळलं की आता काही खरं नाही. तुमच्या अंगावर पांढरट सुती साडी होती. हातात काही नव्हतं. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं असतं, हे तुम्ही पाळलं होतंत. फक्त आमच्या चाळीत कुणी गेलेलं नव्हतं.

आधीचं सांगते, म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं आणि नसलेलं एका जागी येईल. दुसऱ्या वर्षाला मानवशास्त्राच्या पेपरासाठी तुम्ही सांगितलं होतंत की आपल्या आसपासचा एक माणूस धरा, त्याच्याकडून एक चालरीत समजून घ्या आणि वीस पानं लिहा. मी बाळंतपण हा विषय घेतला, कारण त्याबद्दल मला आयतं माहीत होतं. आई परळच्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती दिवसभराचं सांगायची. कळा आल्या की कोण देवाचं नाव घेतं आणि कोण नवऱ्याला शिव्या देतं, बाळामागून वार पडायला वेळ लागला तर म्हाताऱ्या नातेवाईक काय काय सुचवतात, मुलगी झाल्याचं कुठल्या आवाजात सांगायचं. मी तिच्यासमोर वही उघडत नसे. ती मोरीत भांडी घासायला बसली की पटापट उतरवून काढायचे.

पण पेपरात आई आली नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला घरची माहिती विचारली होतीत. मी म्हटलं, आई हॉस्पिटलमध्ये आहे. तुम्ही म्हणालात, "नर्स?" मी हो म्हणून मान हलवली. ती एकदा हलवलेली मान मग परत आणता येईना. म्हणून मी चौथ्या माळ्यावर एक म्हातारी राहायला आणली. वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी कोकणात सुईणपण केलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. आईची सगळी वाक्यं मी तिच्या तोंडी घातली. वॉर्डातली लोखंडी खाट काढली आणि तिथे गोधडी अंथरली. एक गोष्ट मात्र बदलायची राहिली. म्हातारी उजव्या हातात बांगड्या घालत नाही, असं मी लिहिलं, कारण कळा देणारी बाई तोच हात आवळून धरते आणि काचा दोघींनाही लागतात.

त्या ओळीखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारली होती. स्टाफरूममध्ये बोलावून तुम्ही म्हणालात, "हे पुस्तकात मिळत नाही. मला या आजींना भेटायचंय. टेपरेकॉर्डर घेऊन येईन." मला दुसरं काही सुचलं नाही. "त्या गेल्या, मॅडम. मागच्या आठवड्यात." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मला वाटलं, सुटले.

आणि आता तुम्ही आमच्या दारात उभ्या आहात. बाबा खाली मंडळाच्या ऑफिसात पेपर वाचत बसलेत. आई पदराला हात पुसत पुढे येते. तुम्ही म्हणता, "मी हिची कॉलेजातली शिक्षिका. चौथ्या माळ्यावरच्या आजी गेल्या ना, त्यांच्या घरच्यांना भेटावं म्हणून आले." आई माझ्याकडे बघते. "चवथ्या माळ्यावर? कोन म्हातारी गं? वरती तर सगळी पोरंसोरंवाली हायत. कोन गेलं नाय बाई आमच्यात." मी तांदळातले खडे शोधत राहते.

तुम्ही तेव्हाच मला विचारू शकला असतात. तुम्ही म्हणालात, "मग माझी चाळ चुकली असेल. उन्हातून आलेय, जरा टेकते." आईने कप दोनदा विसळला. बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर तुम्ही बसलात आणि आईने चहा पुढे केला. तिच्या डाव्या हातात सहा हिरव्या बांगड्या होत्या, उजवा मनगटापासून मोकळा. तुम्ही कप घेतलात, पण तुमची नजर त्या हातावरच राहिली. मग अगदी सहज विचारलंत, "या हातात घालत नाही?" आई हसली. "डूटीवर फुटतात ओ. बायका असा हात धरतात ना, सोडतच नाय. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच हातचं पानी नको म्हनतात काही काही." पुढचा पाऊण तास ती बोलत होती आणि तुम्ही ऐकत होतात. चहा तुम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात. तुम्ही गेल्यावर आईने रिकामा कप मला दाखवला होता.

तुम्हाला सोडायला मी बसस्टॉपपर्यंत आले. स्टॉपवर तुम्ही म्हणालात, "घरात जिवंत बाई असताना तू एक म्हातारी तयार केलीस, आणि ती अडचणीची झाली तेव्हा मारून टाकलीस. तुला आईची लाज वाटते?" मी नाही म्हटलं. "मग कारण सांग." मी येणाऱ्या बसचा नंबर वाचत राहिले. "दहा दिवस देते. सगळा पेपर पुन्हा लिही. खरी जागा, खरं काम, खरं नातं. नाहीतर मला हा विभागप्रमुखांकडे पाठवावा लागेल." तसं झालं असतं तर वर्ष गेलं असतं, आणि आमच्या घरात दुसऱ्या वर्षाची फी पुन्हा भरण्याची ऐपत नव्हती.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आईसमोर वही उघडली. काय लिहिलं होतं तेही सांगितलं. कुणाच्या नावावर लिहिलं होतं तेही. मला वाटलं ती दुखावेल. ती घाबरली. "माझं नाव नको हां टाकू. डॉक्टर यायच्या आत पोर बाहेर येतं, ते मीच झेलते, पन कागदावर सिस्टरचं नाव असतं. हे छापून आलं तर मला घरी बसवतील." मी म्हटलं, छापत नाहीत, फक्त मॅडम वाचतात. "तरी पन. त्यापेक्षा म्हातारीच बरी. मेलेल्या म्हातारीला कोन मेमो देतोय?" असं म्हणून ती हसली आणि मग मी विचारलं त्या सगळ्याची उत्तरं दिली, त्या रात्री आणि नंतरच्या चार संध्याकाळी.

मी पेपर नव्याने लिहिला. गोधडी काढली, खाट परत आणली. माहिती देणाऱ्या बाईची ओळख तिच्या इच्छेवरून दिलेली नाही, अशी एक ओळ घातली. तुम्ही ती वाचलीत आणि कारण विचारलंत. आईने नोकरीच्या भीतीने नको म्हटलंय, मी सांगितलं. हे खरंच होतं. तुम्ही पेपर मिटून ठेवलात. "म्हणून ती म्हातारी रचली होतीस? आईला सांभाळायला?"

मी मान हलवली.

"मग मी तुला नको ते बोलले," तुम्ही म्हणालात. "मला माफ कर. हे तू मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस." वर्गात सगळ्यांसमोर तुम्ही माझा पेपर वाचून दाखवलात. पुढे एम.ए.ला तुमच्याच पत्रामुळे प्रवेश मिळाला. तुम्ही मला तुमच्या कपाटातली चार पुस्तकं दिलीत, ती अजून माझ्याकडे आहेत. आईला कायम वाटत आलंय की तिच्या चहामुळे मॅडमचं मन वळलं.

तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. मी तुमच्या घरी भेटायला आले नाही. त्या दिवशी परीक्षेचं काम होतं, पण ते टाळता आलं असतं. खरं सांगायचं तर बातमी कळली तेव्हा वाईट वाटायच्या आधी थोडं हलकं वाटलं होतं. आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

दादरच्या एका कॉलेजात मी हाच विषय शिकवते. माहिती देणाऱ्या माणसाला जपायचं कसं, हे सांगताना दर वर्षी आमची गोष्ट सांगते. एक मुलगी, तिची आया असलेली आई, आईची नोकरी वाचवायला मुलीने रचलेली म्हातारी, आणि चूक कळल्यावर माफी मागणाऱ्या मोठ्या मनाच्या शिक्षिका. मुलांना आवडते. सांगून सांगून ती इतकी नीट बसलीय की मधेमधे मलाच खरी वाटते.

परवा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "पण मॅडम, आईने नको म्हटलं ते नंतर ना? मग म्हातारी आधीच कशी आली?" तिने खोडसाळपणे विचारलं नव्हतं. वहीत क्रम लिहीत होती, तो जुळत नव्हता, एवढंच.

हे तुम्हाला पाठवता येत नाही, आणि येत असतं तर मी लिहिलं नसतं. मी घड्याळाकडे बघून तिला म्हटलं, वेळ झाली, पुढच्या तासाला बोलू. तास संपायला अजून बारा मिनिटं होती.